झेरॉक्सच्या मशीनमधली श्रेढी

बाई, नमस्कार. चाळीसगावात कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीजगणितात कायम पुढे. अंकगणिती श्रेढीचा धडा तर तिनं वर्गातल्या मैत्रिणींना शिकवला होता. आता मात्र जी.पी. म्हणून जे काही आहे, तिथे गाडी अडली आहे. ‘३, ६, १२, २४’ असं दिलं की ती फरक काढत बसते. आधी ३ येतो, मग ६, मग १२. आणि मला विचारते, ‘आई, फरक एकच येत नाही, मग सूत्रात घालू काय?’ चाचणीत वीसपैकी सहा मिळाले. क्लासचे सर म्हणतात, सूत्रं पाठ कर, आपोआप जमेल. पाठ केली, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. परवा रडत म्हणाली, मला आर्ट्सला घाल. मी स्वतः बारावी आर्ट्स, मला यातलं ओ की ठो कळत नाही. क्लास बदलू, की तिचं ऐकू? घरी मला काही करता येण्यासारखं आहे का?
— एक आई, चाळीसगाव

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर तुमच्या दुकानातच उभं आहे. त्या मशीनला रोज तुम्ही कागद भरता, टोनर बदलता आणि मध्येच कागद अडकला की झाकण उघडून ओढून काढता. तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे मला मान्य नाही. ए-३ चं पान ए-४ वर घ्यायचं असलं की तुम्ही मशीनवर ७१ टक्के लावता. ए-४ मोठं करून ए-३ वर हवं असेल तर १४१. हे आकडे तुम्ही किती वर्षं दाबताय? तिच्या पुस्तकात ज्याला कॉमन रेशो, म्हणजे दर वेळी गुणायची ठरलेली पट, म्हणतात ना, तेच ते.

एखाद्या दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा मुलीला दुकानात बसवा. कोऱ्या ए-४ वर पट्टीनं बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारायला सांगा. ७१ टक्क्यांवर एक प्रत काढा. रेघ मोजली की ७.१ येईल. आता ती छोटी रेघ असलेली प्रतच काचेवर ठेवा, पुन्हा ७१ टक्के. पण बटण दाबण्याआधी तिला विचारा, आता किती येईल? मी पैजेवर सांगते, ती ४.२ म्हणेल. पहिल्यांदा २.९ कमी झाले, दुसऱ्यांदाही २.९ कमी होणार, असा तिचा हिशोब. मग प्रत काढून मोजू द्या. पाचच्या किंचित वर येईल. पुढची साडेतीनच्या थोडी वर, त्यापुढची अडीचच्या आसपास. तिच्या हिशोबानं तिसरी १.३ ची आणि चौथी तर उणे दीड सेंटीमीटरहूनही खाली जायला हवी होती. उणे लांबीची रेघ काढणारं मशीन अजून बाजारात आलेलं नाही.

पट्टी एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे दाखवेल. काचेवर कागद तिरका बसतो, मशीनही जुनं असतं, तेवढं सोडून द्या.

तुमच्या मुलीचा गोंधळ नेमका इथेच आहे, आणि तो आळसाचा किंवा बुद्धीचा नाही. बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं. ज्या मुलांचं अंकगणिती श्रेढीशी छान जमलेलं असतं, तीच मुलं इथे जास्त अडखळतात. दहावीचं अख्खं वर्ष त्यांनी एकच प्रश्न विचारलेला असतो: ‘किती वाढलं?’ ५, ८, ११, १४ यात दर वेळी ३ वाढले, झालं, श्रेढी सापडली. ही सवय हाडात मुरते. मग ३, ६, १२, २४ समोर आलं तरी तोंडातून तोच प्रश्न निघतो. इथे विचारायचं असतं, ‘किती पट झालं?’ उत्तर लगेच येतं, दर वेळी दुप्पट.

ती फरक काढत बसते त्याची मात्र मला गंमत वाटली, कारण ती न कळता फार चांगल्या गोष्टीवर जाऊन थडकली आहे. तिनं काढलेले फरक पाहा: ३, ६, १२. ही तर मूळचीच श्रेढी! फरकांचे फरक काढले तरी पुन्हा ३, ६. जन्मभर काढत बसली तरी स्थिर फरक हाती लागणार नाही, कारण या श्रेढीचे फरकही त्याच पटीनं वाढत जातात. मूळ श्रेढी तिपटीची असली, २, ६, १८, ५४, तर फरक येतात ४, १२, ३६. आकडे वेगळे, पण पट तीच, तीन. म्हणजे ‘फरक एकच येत नाही’ ही तिची तक्रार नाही, तो शोध आहे. शाबासकी द्या तिला, आणि सांगा की असं झालं की वजाबाकी थांबवायची आणि भागाकार सुरू करायचा. पुढचं पद भागिले आधीचं पद. दर वेळी तोच भागाकार आला की जी.पी., म्हणजे गुणोत्तर श्रेढी.

आणखी एक खूण. नुसती दोन पदं पाहून निकाल द्यायचा नाही. ३ नंतर ६ आले, तर पुढे ९ ही येऊ शकतात आणि १२ ही. बँकेच्या व्याजाचं तसंच असतं. १०,००० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर पहिल्या वर्षाअखेर सरळव्याजानं १०,८०० आणि दरवर्षीच्या चक्रवाढीनंही १०,८००. दुसऱ्या वर्षी एकीकडे ११,६०० आणि दुसरीकडे ११,६६४. चौसष्ट रुपयांसाठी कोण भांडतं? पण दहा वर्षांनी एकीकडे १८,००० आणि दुसरीकडे २१,५८९ होतात. सरळव्याजाच्या रकमा अंकगणिती श्रेढीत चालतात, चक्रवाढीच्या गुणोत्तर श्रेढीत. तिला म्हणावं, तिसरं पद बघितल्याशिवाय पेन उचलू नकोस.

आता तुमच्या रिमकडे वळते, कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो. ए-० पासून कागदांच्या बाजू मिलिमीटरमध्ये उतरत्या क्रमानं लिहिल्या तर अशा येतात: ११८९, ८४१, ५९४, ४२०, २९७, २१०, १४८, १०५. यातल्या लागोपाठच्या दोन उचलल्या की एक कागद तयार. ४२० आणि २९७ म्हणजे ए-३. २९७ आणि २१० म्हणजे ए-४. २१० आणि १४८ म्हणजे ए-५. कोणतीही बाजू तिच्या आधीच्या बाजूनं भागा, ०.७१ च्या जवळपासच येणार. तुमच्या मशीनवरचे ७१ टक्के तेच. मुलीला कॅल्क्युलेटर देऊन सातही भागाकार करू द्या. नेमका आकडा ०.७०७१ असा काहीसा आहे, म्हणजे १ भागिले वर्गमूळ २. मिलिमीटर पूर्णांकात ठेवल्यामुळे शेवटी शेवटी थोडा इकडेतिकडे होतो.

वर्गमूळ २ कुठून आलं? ए-३ मधोमध घडी घालून कापला की दोन ए-४ होतात, आणि त्यांचा आकार मूळच्या ए-३ सारखाच राहतो, फक्त लहान. अशी घडी झेलणारं प्रमाण जगात एकच आहे: लांब बाजू आखूड बाजूच्या वर्गमूळ २ पट. लीगलचा कागद घडी घालून बघा. साडेआठ बाय चौदा इंचाचा तो लांबट कागद अर्धा केला की सात बाय साडेआठ उरतो, जवळजवळ चौकोनी. म्हणूनच लीगलचं पान ए-४ वर घेताना कडेला कोरी पट्टी सुटते आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे संशयानं बघतं. घडीची ही कल्पना लिश्टनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १७८६ मध्ये एका पत्रात लिहिली होती, आणि १९२२ मध्ये जर्मनीनं त्यावर कागदांची प्रमाण मापं बेतली. तीच पुढे बहुतेक जगानं घेतली.

ए-० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. दर घडीला निम्मं होतं: १, १/२, १/४, १/८, १/१६. ही क्षेत्रफळांची श्रेढी, हिची पट अर्धी. ए-४ सोळावा हिस्सा. रिमवर ७५ जीएसएम छापलेलं असतं ना, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम. मग ए-४ च्या एका पानाचं ७५ भागिले १६, पावणेपाचाला थोडं कमी. पाचशे पानांच्या रिमचं सुमारे २ किलो ३४० ग्रॅम. वेष्टनासकट काट्यावर ठेवून बघा, जवळपास तेवढंच भरेल. लई कमी भरलं तर पुरवठादाराला फोन लावा, त्याचा श्रेढीशी संबंध नाही.

याच घड्यांतून तिच्या पुस्तकातला सगळ्यात भीतीदायक भाग, अनंत पदांची बेरीज, कागदावर मांडता येते. मोठा कागद घ्या, अर्धा रंगवा. उरलेल्याचा अर्धा दुसऱ्या रंगानं. उरलेल्याचा पुन्हा अर्धा. अर्धा अधिक पाव अधिक आठवा अधिक सोळावा... रंगवत राहा, कागदाबाहेर कधीच जाणार नाही आणि कोरी जागा मात्र हवी तितकी बारीक होत जाईल. बेरीज एकाकडे सरकते. पट उणे एक आणि एक यांच्या मधली असली की पदं लहान होत जातात आणि अनंत पदांची बेरीजही ठरावीक आकड्याशी येऊन टेकते. अंकगणिती श्रेढीला हे कधीच जमत नाही, पदं सगळी शून्यच असतील तर गोष्ट वेगळी. ती एक तर वर चढत जाते किंवा शून्य ओलांडून उणेत घसरते.

हे उणेत घसरणंही तुमच्या धंद्यात सापडतं. समजा एक लाखाचं मशीन घेतलं आणि दरवर्षी १५ टक्के घसारा धरला. मूळ किमतीवर धरला तर दर वर्षी १५,००० जाणार: ८५,०००, ७०,०००, ५५,००० असं करत सातव्या वर्षी उणे ५,०००. म्हणजे मशीन न्यायला तुम्हीच पैसे द्यायचे! उरलेल्या किमतीवर धरला तर ८५,०००, ७२,२५०, ६१,४१२... सातव्या वर्षीही ३२,००० शिल्लक. पहिली ए.पी., म्हणजे अंकगणिती श्रेढी, दुसरी जी.पी. तुमचा हिशोब लिहिणारा माणूस यातली कोणती पद्धत वापरतो ते विचारून मुलीला सांगा. स्वतःच्या घरातला आकडा असला की मुलं कान टवकारतात.

सूत्रांबद्दल. सर म्हणतात पाठ कर. मी म्हणते, पाठ करू नको, दोन मिनिटांत बनव. अंकगणिती श्रेढीत दहाव्या पदाला पोचायला फरक नऊ वेळा मिळवतो, कारण पहिलं पद फुकट मिळालेलं असतं. इथेही तसंच, फक्त नऊ वेळा मिळवण्याऐवजी नऊ वेळा गुणतो. दहा पदांत नऊच पायऱ्या. मुलांचे निम्मे गुण या दहा-नऊच्या घोळात जातात. तुमच्या प्रयोगातही मूळ पानाला ७१ टक्के लागलेले नसतात, ते पहिल्या प्रतीपासून सुरू होतात, हे तिला दाखवा.

बेरजेचं सूत्र तर मला जादूसारखं वाटतं. ३ + ६ + १२ + २४ + ४८ ही बेरीज हवी आहे. पूर्ण ओळ दुप्पट करून खाली लिहा: ६ + १२ + २४ + ४८ + ९६. आता खालच्या ओळीतून वरची वजा करा. मधलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, उरतात ९६ वजा ३, म्हणजे ९३. दुपटीतून एकपट गेली की एकपट उरते, म्हणून बेरीज ९३. तिपटीची श्रेढी असती तर दोनपट उरली असती आणि शेवटी दोननं भागावं लागलं असतं. सूत्राच्या खाली जे ‘आर वजा एक’ बसलेलं असतं ते तेच, आर म्हणजे पट. हे तिनं तीन वेगवेगळ्या श्रेढ्यांवर हातानं केलं की सूत्र विसरायची चोरी.

एक शंका मला पत्र वाचतानाच आली. तिचं गणित कच्चं नाही, तिला भाषा बदलल्याचा धक्का बसला आहे. कॉमन रेशो, जॉमेट्रिक मीन हे शब्द कानावर पडले की वाटतं, काहीतरी नवीन आलं. त्यातलं एक तर ती दहावीच्या भूमितीत शिकून आली आहे. काटकोन त्रिकोणात कर्णावर लंब टाकायचा आणि तो कर्णाच्या दोन भागांचा भूमितीमध्य असतो, ते प्रमेय आठवतं का विचारा. ४ आणि ९ यांचा भूमितीमध्य ६, कारण ४ गुणिले ९ म्हणजे ३६ आणि ६ चा वर्गही ३६. चार बाय नऊचा आयत आणि सहा बाय सहाचा चौरस, क्षेत्रफळ एकच. आणि ४, ६, ९ ही झाली गुणोत्तर श्रेढी, दीडपटीची. तिला भूमिती श्रेढी का म्हणतात तेही इथेच कळतं. एक वही घ्या, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, दोन्हीकडे उदाहरण तिच्या हाताचं. आठ-दहा शब्दांच्या वर जाणार नाही.

क्लास इतक्यात बदलू नका. आधी तिनं सरांना एकदा विचारावं, ‘बेरजेचं सूत्र आलं कसं?’ त्यांनी ती वजाबाकी फळ्यावर करून दाखवली तर सर चांगले आहेत, घाईत असतात एवढंच. ‘ते परीक्षेला नाही’ म्हणाले तर मग शोधा दुसरा क्लास.

आर्ट्सचं म्हणाल, तर तिला इतिहासाची किंवा भाषेची खरी ओढ असेल तर खुशाल घाला, तुम्हीही तिथूनच आलात आणि दुकान चालवताय. पण वीसपैकी सहा हे कारण होऊ शकत नाही. शिवाय अर्थशास्त्र घेतलं की चक्रवाढ तिथेही दारात उभी असते. सहामाहीपर्यंत थांबा, मग तिनं पुन्हा हाच विषय काढला तर शांतपणे ऐका.

तुम्ही चाळीसगावच्या, म्हणून एक सांगायचं राहू देत नाही. पाटणादेवीला तुम्ही गेलाच असाल. तिथे पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. त्या आजोबांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. दहावीच्या पुस्तकातला ‘श्रेढी’ हा शब्द त्यांच्याही लेखणीतला. त्या प्रकरणात दान देणारे दोन गृहस्थ भेटतात. पहिला पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो आणि रोज ५ वाढवतो. पंधरा दिवसांत ५८५ द्रम्म झाले. हा अंकगणिती, वाढीला त्यांनी ‘चय’ म्हटलंय. दुसरा पहिल्या दिवशी नुसत्या २ कवड्या देतो, पण रोज दुप्पट करायचं वचन देऊन बसतो, महिनाभर. ‘द्विगुणोत्तर’ हा शब्द तिथला. ‘उत्तर’ म्हणजे इथे वाढ, गुणून होणारी वाढ. आपला गुणोत्तर त्याच घरातला.

त्या दुसऱ्या गृहस्थाचं गणित मुलीला घालाच. तीस वेळा गुणत बसायची गरज नाही, भास्कराचार्यांनी आडवाट दिली आहे. ३० घ्यायचे. सम असेल तर निम्मे करून ‘वर्ग’ लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचं, शून्य येईपर्यंत. आठ शब्द होतात. मग १ हातात घेऊन शेवटच्या शब्दापासून उलटं चालत यायचं: ‘गुण’ला दोननं गुणायचं, ‘वर्ग’ला वर्ग करायचा. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि मग १,०७,३७,४१,८२४. त्यातून एक वजा करून पहिल्या दिवशीच्या दोन कवड्यांनी गुणलं की झालं. तिच्या पुस्तकातलंच सूत्र आहे हे, ताडून बघायला सांगा.

कवड्यांचे पुढे निष्क करायचे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. १,०४,८५७ निष्क होतात आणि वर थोडी मोड उरते. ती मोड किती, ते तिनं मला कळवावं. पोस्टकार्डावर मावेल.